लमदुअनताई आणि पिवळ्या डोळ्यांची जोडी

आमच्या फीमाय गावात लग्न ठरलं की मुलीची आई आधी विहारात जाऊन भंतेंकडून मुहूर्त काढून आणते आणि तिथून घरी न जाता थेट लमदुअनताईंच्या फाटकाशी येऊन उभी राहते. मुहूर्त पुढेमागे सरकवता येतो, पण ताईंच्या मांजरीला दिवस जायचे तेव्हाच जातात. त्यामुळे मांजराचं आधी विचारलेलं बरं, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

मांजर म्हणजे साधंसुधं नव्हे, सी सवात. ताईंच्या पणजीपासून त्यांच्या घरात हीच जात आहे. रंग करडा-निळा, आणि प्रत्येक केसाचं टोक तेवढं रुपेरी, त्यामुळे उन्हात बसलं की अंगाला चांदीचं पाणी दिल्यासारखं दिसतं. समोरून तोंड पिंपळाच्या पानाच्या आकाराचं. शेपूट सरळ हवी. पिल्लू जन्मलं की ताई त्याच्या शेपटीवरून बुडापासून टोकापर्यंत दोन बोटं फिरवतात. कुठे गाठ लागली तर ते पिल्लू शेजारीपाजारी उंदरांवर पाठवलं जातं, लग्नाला नाही.

हे मांजर विकत मिळत नाही. नवरीला जोडी भेट द्यायची, एक नर, एक मादी, एवढंच. बँकॉकहून एकदा एक साहेब मोठी गाडी घेऊन आला आणि जोडीचे किती घेणार म्हणून विचारू लागला. ताई म्हणाल्या, "सांगते. पण आधी तुम्ही सांगा, बहीण कितीला दिलीत?" साहेबानं गाडी अशी काही वळवली की माझ्या दुकानाचा फलक पडला.

माझं नूडल्सचं दुकान ताईंच्या कुंपणाला लागून आहे. मी वन्ना. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या, त्रेसष्ट वर्षांच्या. सरकारी शाळेत स्वयंपाकीण होत्या. चारशे पोरांना एका हाकेत पंगतीला बसवणारा आवाज निवृत्तीबरोबर निवृत्त झालेला नाही. लग्न केलं नाही. का केलं नाही विचारलं, तर म्हणतात, "एक आला होता बघायला. मांजर जवळ येताच शिंकला. तिथंच बोलणी संपली." खरं कारण वेगळं असावं. बहीण गेली तेव्हा तिची चार वर्षांची तुक्ता ताईंच्या पदरात आली, आणि तेव्हापासून ताईंनी दुसरीकडे मान वळवून पाहिलं नाही.

लग्नात मांजर लागतं ते पलंग मांडायच्या वेळी. नव्या पलंगावर कोहळा ठेवतात, वरवंटा ठेवतात, भात, तीळ, पावसाच्या पाण्याचं भांडं, आणि मांजर, कारण मांजर घर सोडत नाही. मग सुखानं संसार केलेलं एखादं वयस्क जोडपं त्या पलंगावर आधी आडवं होतं, चार चांगले शब्द बोलतं आणि उठतं. ते उठेपर्यंत मांजरानं जागचं हलायचं नाही. हललं तर बायका तोंडावर हात ठेवतात, आणि पुढची पाच वर्षं त्या घरात काहीही झालं, अगदी पंखा बिघडला तरी, मांजर उठलं होतं ना, असं निघतं.

म्हणून ताई मांजराची परीक्षा घेतात. वरच्या खोलीतल्या गादीवर जोडी ठेवायची आणि खाली पातेल्यावर डाव बडवायचा. कधी माझ्या नवऱ्याला, थविनला, खिडकीखाली मोटारसायकल चालू करायला लावायचं. ह्या जातीचे कान भलते तिखट, गोंगाट त्यांना मुळीच खपत नाही. तरीही जी बसून राहते ती जोडी लग्नाची. अशा जोड्यांनी एक्केचाळीस लग्नं पार पाडली, एकही मांजर उठलं नाही. आणि एवढं असून ताईंनी पलंग मांडताना एकदाही पाहिलेला नाही. अविवाहित बाईनं आणि विधवेनं तेवढा वेळ खोलीबाहेर थांबायचं, असा आमच्याकडे रिवाज. ताई मांजर दारात जोडप्याच्या हाती देतात आणि बाहेर खुर्चीवर बसतात. मला ह्या रिवाजाचा राग येतो, ताईंना येत नाही. की येतो आणि दाखवत नाहीत, कोण जाणे.

तर यंदा तुक्ताचं लग्न ठरलं. तुक्ता चोनबुरीला दवाखान्यात परिचारिका आहे, मुलगा विथून तिथल्याच बंदरावर इंजिनियर. ताईंनी दीड वर्ष आधीपासून तिच्यासाठी जोडी राखून ठेवली होती. मेक आणि मोक, म्हणजे ढग आणि धुकं. मेक मादी, डोळस, सगळीकडे लक्ष. मोक नर, परीक्षेच्या वेळी खाली पातेलं बडवत होतो तर वर तो घोरत होता.

विथूनची आई रत्चनीबाई बोलणी करायला आल्या. अकरा वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हापासून एकटीनं लॉन्ड्री चालवतात. समुद्रकाठच्या हॉटेलांच्या चादरी धुवायच्या. पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, आणि बसायच्या आधी खुर्चीवरून बोट फिरवून पाहायची सवय. मेक समोर येऊन उभी राहिली तशा त्या खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या.

"लमदुअनबाई, मुलगी मला पसंत आहे. मांजर नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे दिवसाला सहाशे पांढऱ्या चादरी असतात. एक केस निघाला तर हॉटेलवाला अख्खा गठ्ठा परत पाठवतो."

"हिचा केस निघत नाही," ताई म्हणाल्या. "एकपदरी अंग आहे, आतली लव नाही. हात फिरवून बघा."

"धंद्यात हात फिरवून चालत नाही." रत्चनीबाईंनी पिशवीतून पांढरी उशीची खोळ काढली. खरंच, त्या बाई पाहुण्या म्हणून येताना खोळ घेऊन आल्या होत्या! ती मेकच्या पाठीवरून तीनदा घासली आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरली. बराच वेळ शोधून त्यांना दोन केस सापडले. त्या दोन केसांचा त्यांना केवढा आनंद झाला.

"आणि डोळे पिवळे कसे?" त्यांनी पुढचं काढलं. "भाचीनं मला फोनवर दाखवलंय. खऱ्या सी सवातचे डोळे हिरवे असतात."

"जन्मतात तेव्हा निळे असतात, मग पिवळे होतात, मग हिरवे. दोन वर्षं लागतात. एखाद्याला चारसुद्धा."

"हो का? कापडवालाही मला हेच सांगतो. दोन धुण्यांनंतर रंग खुलेल म्हणून."

ताईंचा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा झाला. हातातलं पानाचं तबक त्यांनी असं ठेवलं की मोक पहिल्यांदाच जागा झाला.

मग रत्चनीबाईंनी पिशवीतून कागदात गुंडाळलेलं चिनी मातीचं मांजर काढलं. शहरात आता पलंगावर हेच ठेवतात. त्या म्हणाल्या, "मी भांडायला आलेली नाही. तुमचा मान ठेवते. पलंगावर तुमचं जिवंत मांजर ठेवा. दोघं उठेपर्यंत ते बसून राहिलं, तर जोडी मी माझ्या हातानं घरी नेईन. उठलं, तर हे न्यायचं. ह्याचा केसही निघत नाही आणि डोळेही हिरवे आहेत."

"कबूल," ताई म्हणाल्या.

त्या गेल्यावर ताई पायरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "वन्ना, माझ्या आईनं सांगितलं होतं, ज्या घरात आपलं मांजर घेत नाहीत त्या घरात आपली मुलगी द्यायची नाही. पण तुक्ताला तो मुलगा आवडतो गं. मी नाही कशी म्हणू? मांजर गेलं तर मला वाटेल हिला तिथं कुणीतरी आपलं आहे." ताई रडत नाहीत. त्या दिवशी त्यांचा आवाज बारीक झाला होता, आणि त्यांचा बारीक आवाज मी तीस वर्षांत ऐकला नव्हता. मला अगदी भरून आलं.

आणि भरून आलं की माणूस अक्कल पाजळतो. मीच म्हणाले, "ताई, पलंगावर डीबुकला ठेवा ना. त्याचे डोळे पाहून विहीणबाईंचं तोंड बंद होईल."

डीबुक म्हणजे ताईंचा स्वतःचा बोका. नऊ वर्षांचा, अंगानं भरलेला, शांत. डोळे कोवळ्या भाताच्या रोपासारखे हिरवेगार.

"त्याची परीक्षा झालेली नाही," ताई म्हणाल्या.

"नऊ वर्षं तुमच्या खोलीत मांडी ठोकून बसलाय. त्याला कसली परीक्षा?"

ताईंनाही त्या पिवळ्या डोळ्यांचा टोमणा लागलेला होताच. कुणी नावं ठेवली म्हणून पारखलेली जोडी सोडून बिनपारखलेला बोका पुढे करायचा, हा आमच्या गावचा जुना दोष आहे. आम्हांला हरलेलं चालतं, आमच्या मांजराला नकली म्हटलेलं चालत नाही.

जानेवारीत लग्न लागलं. हवा छान गार होती. वरात ढोल बडवत आली, तुक्ताच्या मैत्रिणींनी सोन्याची साखळी आडवी धरून वरपक्षाला दारात चांगलं लुबाडलं, विथूननं सगळ्यांसमोर तीनदा ओरडून तिच्यावरचं प्रेम जाहीर केलं. मग वडीलधाऱ्यांनी दोघांच्या हातांवर शंखातून पाणी घातलं. ताईंनी घातलं तेव्हा पाणी शंखातून कमी आणि डोळ्यांतून जास्त येईल असं मला वाटलं होतं, पण त्या फक्त म्हणाल्या, "वेळेवर जेवत जा."

पलंग मांडायला आम्हांलाच बोलावलं होतं, मला आणि थविनला. आमचं एकतीस वर्षांचं पहिलंच लग्न, दोघंही जिवंत, मुलं मार्गाला लागलेली. भांडत नसावेत अशी अट नाही हे आमचं नशीब.

दारात ताईंनी डीबुकला माझ्या हाती दिलं. "सांभाळ गं," म्हणाल्या आणि खुर्चीवर जाऊन बसल्या. शेजारच्या खुर्चीवर रत्चनीबाई. एक अविवाहित, एक विधवा, दोघी आपापल्या घरच्या धनिणी आणि दोघी दाराबाहेर. दार सताड उघडं, उंबऱ्यात पाहुण्यांची गर्दी, आणि खाली अंगणात ढोलवाल्याला कुणी थांबच म्हणेना.

पलंगावरची चादर रत्चनीबाईंनी स्वतः धुऊन इस्त्री करून आणलेली. एवढी कडक की आम्ही आडवे झालो तशी पापडासारखी वाजली. माझ्या नि थविनच्या मध्ये कोहळा, वरवंटा आणि डीबुक. डीबुकनं पाय पोटाखाली घेतले, हिरवे डोळे अर्धे मिटले. ढोल चालू, त्याच्या कानावरचा केससुद्धा हलला नाही. मी मनात म्हटलं, जिंकलो.

"काय सुंदर पलंग आहे!" मी रिवाजाप्रमाणे मोठ्यानं म्हणाले. "इथं झोपणाऱ्याची भरभराट होणार. हो की नाही हो?"

थविन घोरत होता. पहाटेपासून खुर्च्या वाहून दमलेला माणूस खरोखरच झोपला होता. मी त्याला कोपरानं ढोसलं. "हो, सोनं दिसतंय स्वप्नात," तो दचकून म्हणाला. लोक हसले.

तेवढ्यात बाहेर रत्चनीबाईंनी, अगदी सहज, वेळ जावा म्हणून, ताईंना विचारलं, "तुक्ताला स्वयंपाक येतो ना हो?"

आजपर्यंत एक्केचाळीस वेळा ताई त्या खुर्चीवर तोंड मिटून बसल्या होत्या. पण तेव्हा तुक्ता नव्हती.

"येतो ना म्हणजे?" तो चारशे पोरांचा आवाज खोलीत घुमला. "माझ्या हाताखाली वाढलीय ती! सहाव्या वर्षी मासे साफ करायची!"

डीबुकचे दोन्ही कान दाराकडे वळले. तो उठला. मी हळूच त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी हात काढून घेतला. मग तो थविनच्या पोटावरून चालत पलंगावरून खाली उतरला, उंबऱ्यातल्या पाहुण्यांच्या पायांमधून वाट काढत बाहेर गेला आणि ताईंच्या मांडीवर चढून बसला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नऊ वर्षं तो खोलीत बसत नव्हता, ताई असतील तिथं बसत होता.

कुणीतरी खाली जाऊन ढोल थांबवला. बायकांचे हात तोंडाकडे गेले. मला पलंगावरून उठावं की मेल्याचं सोंग करावं कळेना.

ताईंनी डीबुकला ढकललं नाही. त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "उठला. मी हरले, विहीणबाई. चिनी मातीचं मांजर द्या आत." आणि मग तुक्ताकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. तुक्ताचे डोळे भरले. तिला मांजराचं काही नव्हतं, मावशीचं तोंड तिला बघवेना.

रत्चनीबाई डीबुककडे बघत राहिल्या होत्या. "एवढा ढोल वाजत होता," त्या म्हणाल्या, "त्याला तो हलला नाही. तुमच्या आवाजावर उठला?"

"हो."

"नेहमी असंच करतो?"

"न्हाणीघरात गेले तर बाहेर बसतो. मला आतून बोलत राहावं लागतं."

"माझ्या घरी बारा मशीनं चालतात," रत्चनीबाई म्हणाल्या. "मी विथूनला हाक मारते, तर तो कानातला इअरफोन काढून विचारतो, आई, माझ्याशी बोलतेस की मशीनशी?"

सगळे हसले. विथून लाजला. रत्चनीबाईसुद्धा हसल्या, पण खिशातून रुमाल काढून नाक पुसावं लागलं त्यांना. मग त्यांनी हात पुढे केला आणि डीबुकच्या पाठीवरून फिरवला. खोळीनं नाही, हातानं. फिरवून झाल्यावर तळवा उलटून पाहिला, सवय जाते कुठे.

"ती पिवळ्या डोळ्यांची जोडी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"पैज तुम्ही जिंकलात," ताई म्हणाल्या.

"म्हणजे आता मी म्हणेन ते. आणा ती."

मेक आणि मोकला धावत आणलं. आम्ही पुन्हा आडवे झालो. ताई ह्या वेळी तोंडावर पदर घट्ट दाबून बसल्या, आणि रत्चनीबाईंनी वर त्यांचा हातही धरून ठेवला. मेक कोहळ्यावर हनुवटी टेकून दाराकडे पाहत बसली. मोक थविनच्या पोटावर झोपला आणि थविन मोकखाली झोपला. शेवटी मलाच एकटीला उठून जाहीर करावं लागलं की पलंग चांगला आहे.

तिसऱ्या दिवशी मंडळी चोनबुरीला निघाली. तुक्ता मागच्या सीटवर बसली. ताईंनी तिला डबे दिले, उन्हात फिरू नकोस म्हणून रागावल्या, अगदी कोरड्या डोळ्यांनी. मग वेताच्या टोपलीत मेक आणि मोकला ठेवून टोपली रत्चनीबाईंच्या मांडीवर दिली. आज त्यांनी काळी पॅन्ट घातली होती, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. टोपलीचं झाकण लावताना ताईंचा बांध फुटला. हमसाहमशी रडल्या. रस्त्यावरची माणसं थांबली.

"हे काय हो," रत्चनीबाई म्हणाल्या, "मुलगी गाडीत बसली तेव्हा टिपूस नाही, आणि मांजरांसाठी एवढं?"

"मुलीला फोन करता येतो," ताई रडत रडत म्हणाल्या.

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. रत्चनीबाईंनी त्याला थांबवलं, काच खाली केली आणि पर्समधून फोन काढला.

"नंबर सांगा तुमचा. संध्याकाळी सहाला माझी मशीनं बंद होतात. तेव्हा करत जा, मी त्यांच्या कानाला लावीन." मग टोपली नीट करता करता, तिकडे न बघता म्हणाल्या, "आणि त्यांचं ऐकून झालं, की जरा माझ्याशीही बोला."

ताईंनी पदरानं डोळे पुसले आणि नंबर सांगितला.